कमानीचा पूल भूकंपासाठी आखताना आधी तिचे दोन पाय बघा

पुलांच्या डिझाइनमध्ये नव्याने आलेली मुलं-मुली कमानपुलाचं मॉडेल घेऊन माझ्या टेबलापाशी येतात, तेव्हा मी आधी आधाराच्या जागेवर बोट ठेवते. रिब, म्हणजे कमानीची वळलेली मुख्य तुळई, नीट काढलेली असते, डेक टांगून धरणारे हँगर मोजूनमापून लावलेले असतात, आणि ज्या दोन ठिकाणी पूल जमिनीला टेकतो तिथे दोन छोटे त्रिकोण असतात. त्या त्रिकोणांचा अर्थ एवढाच, की जमीन तिळभरही हलणार नाही असं आपण गृहीत धरलंय. भूकंपाचा विचार तर तिथूनच सुरू करायचा असतो. साध्या गर्डरचं एक टोक दोन-चार सेंटिमीटर सरकलं तर बेअरिंग ते सरकणं पोटात घेतं. कमानीचं तसं नाही. तिचे दोन पाय बाहेर पसरू पाहतात आणि जमीन त्यांना पसरू देत नाही, म्हणून ती उभी असते. जमिनीनेच हात काढला तर रिब कितीही जाड असून काय उपयोग?

मी ठाण्यात राहते, ऑफिस बेलापूरला आहे, त्यामुळे उदाहरणं खाडीच्या आसपासचीच देईन. वाचणाऱ्याला स्ट्रक्चरचं प्राथमिक गणित येतं असं धरलं आहे.

"आपल्याकडे कुठे येतात एवढे भूकंप?" हा प्रश्न मला अजूनही ऐकू येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला जमीन हादरली तेव्हा धक्का मुंबईपर्यंत जाणवला होता. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी उद्ध्वस्त झालं, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. पुढे आयएस १८९३ या भूकंपाच्या संहितेच्या २००२ च्या आवृत्तीत तो झोनच काढून टाकला. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या अखेरीपासून छोट्या धक्क्यांची मालिका चालू झाली, आणि तो सगळा पट्टा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. आयएस १८९३ च्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत ठाणे झोन तीनमध्ये आहे, झोन फॅक्टर ०.१६. नकाशे बदलत राहतात, म्हणून निविदेत कोणती आवृत्ती बंधनकारक आहे ते पहिल्या दिवशी बघा. रस्त्याच्या पुलांसाठी त्याच्या जोडीला आयआरसी एसपी ११४ ही पुलांच्या भूकंप-डिझाइनची मार्गदर्शिका हातात हवी.

जमीन: दोन्ही पायांखालची

समजा विटाव्याच्या अलीकडे खाडीचा एक फाटा ओलांडायचा आहे, १०० मीटरचा एकच गाळा (दोन आधारांमधला भाग), मध्ये पिअर म्हणजे खांब नको. पहिलं काम बोअरहोल. ते दोन्ही पायांखाली हवेत, प्रत्येक पायाखाली एकापेक्षा जास्त. खाडीच्या मध्यावरचा एक बोअरलॉग बघून दोन्ही किनाऱ्यांचा अंदाज बांधला तर तो अंदाज चुकतो, कारण इथला खडक सपाट नाही. वर खाडीचा काळा मऊ गाळ, त्याखाली पिवळसर घट्ट माती किंवा मुरूम, मग कुजलेला बेसाल्ट आणि शेवटी पक्का पाषाण. या थरांची जाडी थोड्या अंतरात बदलते. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबड्या मातीचा मऊ थर किंवा ब्रेचिया सापडतो. ड्रिलिंगवाल्याने "खडक लागला" म्हटलं तरी त्याखाली आणखी काही मीटर जा.

एसपीटीच्या, म्हणजे बोअरहोलमध्ये ठोके मोजून काढलेल्या, आकड्यांवर थांबू नका. शिअर वेव्हचा, म्हणजे जमिनीला आडवं हलवत जाणाऱ्या लहरीचा, वेग मोजून घ्या. भूकंपात जमीन कशी वागेल हे त्यावरून कळतं, आणि एवढ्या मोठ्या गाळ्याच्या पुलाच्या खर्चात तो खर्च किरकोळ आहे. नव्या मुंबईच्या बाजूला भराव घातलेली जमीन असेल तर भरावात आणि गाळात वाळूचे पट्टे आहेत का ते शोधा. चिकट माती सहसा द्रवासारखी होत नाही, पण सैल ओली वाळू होते. असा एखादा पट्टा उताराच्या दिशेने खाडीकडे जात असेल तर आख्खा किनाराच पाण्याकडे सरकू शकतो. त्याच्यासोबत कमानीचा पायही.

आता जमिनीने आकड्यात काय फरक पडतो ते बघा. पुलाचा आडवा झुलण्याचा काळ १ सेकंद धरू. आयएस १८९३ च्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे झुलण्याच्या काळानुसार गुणांक देणाऱ्या आलेखात, त्या काळाला खडकावर गुणांक १.० येतो, मध्यम जमिनीवर १.३६, मऊ जमिनीवर १.६७. झोन फॅक्टरचा निम्मा ०.०८, शहरातल्या महत्त्वाच्या पुलासाठी महत्त्व गुणांक १.२. गुणाकार केला की खडकावर साधारण ०.०९६ आणि गाळावर ०.१६. पुलाचं वजन १५,००० किलोन्यूटन असेल तर ढोबळमानाने एकीकडे १,४४० आणि दुसरीकडे २,४०० किलोन्यूटनचा आडवा जोर. हा आकडा रिडक्शन फॅक्टरने (वाकून ऊर्जा जिरवण्याबद्दल मिळणारी सूट) भागण्यापूर्वीचा आहे. तो फॅक्टर कमानीला किती द्यायचा, ते पुढे येईल.

इथे एक पळवाट हमखास निघते. "पाइल खडकात सॉकेट केली आहे, म्हणून जमीन खडक." तसं लिहून मोकळं होऊ नका. पाइलचं, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या पायाच्या खांबाचं, टोक खडकात असलं तरी तिचा बराचसा भाग गाळात आहे, आणि गाळ हलतो तेव्हा पाइलला सोबत ओढतो. जिथे मऊ थर संपून कडक थर सुरू होतो तिथे पाइलमध्ये मोठा मोमेंट (वाकवणारा जोर) येतो. वरून येणारा जोर शून्य धरला तरी तो येतो. त्यामुळे पाइलच्या वरच्या टोकाला दाट रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या सळया) घालून खाली विरळ करत नेण्याची सवय इथे धोक्याची आहे. गाळ आणि खडक यांच्या सीमेच्या वर-खालीही रिंगा दाट हव्यात.

कोणती कमान

याचं उत्तर जमीनच देते. पाच-सहा प्रकारांची तुलना करणारे तक्ते मी पाहिले आहेत. माझ्या मते निर्णय एका प्रश्नात होतो: थ्रस्ट, म्हणजे पायांचा बाहेर ढकलणारा आडवा रेटा, कोण घेणार?

आपल्या १०० मीटरच्या उदाहरणात राईज (पायांपासून माथ्यापर्यंतची उंची) २० मीटर आणि मीटरमागे भार १५० किलोन्यूटन धरा. भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले राईजची आठपट. उत्तर ९,३७५ किलोन्यूटन, म्हणजे साडेनऊशे टनांच्या वर, आणि तोही आडवा. वास्तुविशारदाला चपटी कमान आवडली आणि राईज साडेबारा मीटरवर आला तर हाच आकडा १५,००० होतो. हा जोर रोज, दिवसरात्र जमिनीवर असतो, भूकंप त्यावर आणखी भर घालतो. माळशेज किंवा वरंध्यासारख्या घाटात दरीच्या दोन्ही कुशींत उघडा बेसाल्ट असेल तर हा थ्रस्ट खुशाल खडकाला द्या. तिथे डेकखालची कमान शोभतेही आणि टिकतेही. चिनाबवरचा रेल्वेपूल असाच आहे: ४६७ मीटरचा मुख्य गाळा, पायथे डोंगरात, आणि डिझाइन झोन पाच धरून.

खाडीच्या गाळात हे करायचं नाही. गाळातल्या पाइल्सना कायमचा एवढा आडवा रेटा दिला तर भूकंपाची वाट बघायचीही गरज नाही, हळूहळू त्या वाकत जातील. तिथे टाय असलेली कमान घ्या. आपल्याकडे सगळे बो-स्ट्रिंग म्हणतात, तीच. दोन पायांना डेकच्या पातळीवर टाय, म्हणजे ताण घेणारी तुळई, बांधून ठेवतो, थ्रस्ट पुलाच्या आतच मिटतो, आणि पिअरवर फक्त उभा भार येतो. जमीन सरकली तरी दोन पायांमधलं अंतर टायने धरून ठेवलेलं असतं.

मधला एक प्रसंग मात्र लक्षात घ्या, कारण दरीतल्या कमानीला तो लागू होतो. एक पाय खडकावर आणि दुसरा भरावावर किंवा दरडीच्या मातीवर असेल, तर भूकंपात दोघे वेगवेगळे हलतात. पाय थोडे पसरले तर थ्रस्ट फारसा बदलत नाही, पण क्राउनला, म्हणजे कमानीच्या माथ्याला, मोमेंट उभा राहतो. दोन हिंजांच्या (पायांशी फिरू शकणाऱ्या सांध्यांच्या) कमानीत तो मोमेंट रिबच्या ताठपणाच्या प्रमाणात वाढतो आणि राईज कमी असेल तसाही वाढतो. म्हणजे घाबरून रिब जाड केली तर हा त्रास वाढतोच. उपाय राईज वाढवण्यात, रिब सडपातळ ठेवण्यात किंवा हिंज देण्यात आहे. आणि पाय कुठे टेकवायचा हे ठरवताना वरचा डोंगरही बघा. १६ एप्रिल २०१६ ला जपानमध्ये कुमामोतोच्या भूकंपात जुना आसो पूल कोसळला. तो पोलादी कमानीचा होता. शेजारचा डोंगरकडा प्रचंड प्रमाणात घसरून त्या दरीत आला होता. नवा पूल २०२१ मध्ये उघडला, जागा बदलून आणि वेगळ्या प्रकारचा. भूस्खलनाला आणि सक्रिय फॉल्टला पुलाच्या ताकदीने उत्तर देता येत नाही. जागा सोडणं हेच त्याचं डिझाइन.

बो-स्ट्रिंग निवडली म्हणजे सुटलो, असं नाही

टायवाली कमान बेअरिंगवर बसते. थ्रस्टचा प्रश्न गेला, घसरण्याचा आला. यासाठी १९९५ चा कोबेचा भूकंप प्रत्येकाने अभ्यासावा. तिथल्या रोक्को बेटाच्या पुलाच्या २१७ मीटरच्या कमानीचं टोक बेअरिंगवरून निसटून आडवं सरकलं आणि वरच्या दोन रिबांना जोडणारे ब्रेसिंग मुडपले. निशिनोमिया बंदराजवळच्या पुलात २५२ मीटरची कमान जागेवर राहिली, आणि तिला लागून असलेला साधा अॅप्रोचचा (मुख्य पुलाकडे नेणारा) गाळा खाली पडला. दोन्ही ठिकाणी दुखणं टेकण्याच्या जागेचं होतं.

म्हणून बैठक, म्हणजे पिअरवरची टेकण्याची जागा, ऐसपैस ठेवा. किती, ते संहितेत सूत्र आहे, आणि गाळ्याची लांबी व पिअरची उंची वाढली की ती वाढते. मी सूत्राच्या उत्तरावर थांबत नाही. कमान आणि शेजारचा गाळा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने हलताना काढलेलं अंतरही तपासते. लांब कमान सावकाश झुलते, छोटा गर्डर झटक्यात, त्यामुळे त्यांचा ताल जुळत नाही. जॉइंटची फट त्या हिशोबाने द्या, नाहीतर आधी टक्कर होईल आणि मग पडझड. आडव्या दिशेला काँक्रीटचे स्टॉपर किंवा शिअर की हवेत, त्यांचा जोर पिअरकॅपमध्ये सळयांच्या वाटेने खाली उतरला पाहिजे. बेअरिंगवर उचल येते का ते उभ्या भूकंपासह तपासा. येत असेल तर खाली धरून ठेवणारी व्यवस्था द्या. शेजारच्या गाळ्याला कमानीच्या पिअरवर अर्धवट जागेत कोंबू नका. हे मी ड्रॉइंग तपासताना फार वेळा खोडते: कमानीसाठी भलीमोठी बेअरिंग, आणि अॅप्रोचच्या गर्डरसाठी उरलेली फूटभर जागा.

टाय हा या पुलाचा जीव आहे. तो तुटला तर सगळं संपलं, म्हणून एकाच सांध्यावर तो अवलंबून नको. पोलादी टाय असेल तर प्लेट एकापेक्षा जास्त आणि एकमेकींपासून सुट्या, म्हणजे एकीतली चीर दुसरीत जाणार नाही. काँक्रीटचा प्रीस्ट्रेस्ड टाय असेल तर केबल अनेक. आपल्या खाडीची खारी हवा विसरू नका. हँगरच्या खालच्या सॉकेटमध्ये पाणी साचलं तर काही वर्षांत पोलाद गंजतं, आणि गंजलेल्या पोलादाची ताणून सोसण्याची ताकद आधी जाते. भूकंपाला तर तीच लागते. एक हँगर काढून बदलता येईल असं डिझाइन करा, आणि एक हँगर नसताना पूल उभा राहतो का तेही तपासा. तिरप्या जाळीच्या हँगरमध्ये उभ्या हादऱ्याने काही हँगर सैल पडतात आणि मग झटक्याने ताणले जातात, त्याचीही तपासणी करा.

रिब, ब्रेसिंग आणि ते आखूड कॉलम

रिडक्शन फॅक्टरची गोष्ट. पिअरला आपण मोठा फॅक्टर देतो, कारण पिअरच्या तळाशी प्लास्टिक हिंज (न तुटता वाकत राहणारी जागा) तयार होऊन ऊर्जा जिरते. कमानीच्या रिबला तसं करू देणं मला मान्य नाही. रिबमध्ये आधीच प्रचंड दाब असतो, आणि दाबाखालच्या भागात हिंज झाला की त्याची वाकून सोसण्याची क्षमता कमी असते. शिवाय बकलिंगसाठी, म्हणजे दाबाखाली अचानक लचकण्यासाठी, राखलेली सवलत त्याच वेळी खर्च होते. म्हणून रिब, टाय आणि हँगर भूकंपातही लवचीक मर्यादेत ठेवा, त्यांना १ फॅक्टर. नुकसान व्हायचंच असेल तर ते खालच्या पिअरमध्ये होऊ द्या, जिथे दिसतं आणि दुरुस्त करता येतं. पिअरची वाढीव ताकद धरून बेअरिंग, पाइलकॅप आणि पाइल तपासा, म्हणजे हिंज ठरवलेल्या जागीच होईल.

विश्लेषणात मोड शेप, म्हणजे झुलताना पूल घेतो ते आकार, डोळ्यांनी बघा. कमानीच्या लांबीच्या दिशेने हादरा आला की ती एका बाजूला उठते, दुसऱ्या बाजूला दबते. म्हणजे पाव गाळ्याला मोमेंट मोठा, क्राउनला जवळपास नाही. रोजच्या पूर्ण भाराला छान बसवलेली कमान इथे उघडी पडते. उभ्या हादऱ्याने क्राउन वर-खाली होतो, म्हणून उभा घटक वगळू नका. आडव्याच्या दोन-तृतीयांश धरायचा असतो. मोडची संख्या ठरवताना तिन्ही दिशांना ९० टक्के वस्तुमान सामील होतंय का ते बघा. कमानीत उभ्या दिशेचे मोड उशिरा सापडतात, पहिल्या दहांवर थांबून चालत नाही. मग एका दिशेचा पूर्ण आणि बाकी दोन दिशांचे ३० टक्के, अशी सगळी जुळणी. दोन पायांखालची जमीन खूप वेगळी असेल तर स्पेक्ट्रमवर विसंबू नका, दोन पायांना हादऱ्याच्या वेगवेगळ्या नोंदी देऊन टाइम हिस्टरी, म्हणजे क्षणाक्षणाचं विश्लेषण, करा.

आडव्या दिशेने पूल झुलला की एका रिबमध्ये दाब वाढतो, दुसऱ्यात कमी होतो. दोन रिब वर जाताना एकमेकींकडे कलत्या केल्या तर आडवा ताठपणा बराच वाढतो. वाहनांची उंची सुटावी म्हणून टोकांकडचे ब्रेसिंग काढावे लागते, आणि तिथेच आडवा जोर सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे पहिला आडवा बीम आणि दोन रिबांचे खालचे तुकडे मिळून जी पोर्टल चौकट होते, ती सगळ्या पुलात सर्वांत काळजीपूर्वक डिटेल करायची जागा.

डेकखालच्या कमानीत वेगळाच सापळा आहे. पायाजवळचे कॉलम उंच आणि क्राउनजवळचे अगदी आखूड. लांबीच्या दिशेने डेक सरकला की सगळ्या कॉलमांची डोकी सारखीच सरकतात, आणि आखूड कॉलम ताठ असल्यामुळे बराचसा जोर एकटेच ओढून घेतात. ते शिअरमध्ये, न वाकता, एकदम फुटतात. त्यांना जास्त सळई घालून हा प्रश्न सुटत नाही. त्यांच्या डोक्यावर बेअरिंग द्या, म्हणजे ते जोरातून बाहेर पडतील, किंवा क्राउनला डेक आणि रिब एकजीव करून आखूड कॉलमच काढून टाका. मला दुसरा मार्ग आवडतो. बेअरिंग बदलायला दरीच्या मध्यावर कोण जाणार आहे, हा विचार आत्ताच करायला हवा.

जुन्या दगडी कमानींचं थोडक्यात. १८५४ मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणकडे गेली ती खाडीवर दगडी कमानी बांधून, आणि कळव्याचा जुना पूलही दगडीच. अशा पुलाची रिंग, म्हणजे कमानीचा दगडी घेर, भूकंपात सहसा तग धरते. आधी बाहेर ढकलल्या जातात त्या बाजूच्या भिंती, कारण आतला भराव त्यांना रेटतो. म्हणून दोन बाजूंना बांधणारे आडवे टाय-रॉड, भरावातलं पाणी काढणं, आणि पायाभोवतीची माती वाहून गेली आहे का ते बघणं. २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीचा दगडी पूल पुरात गेला. पायाजवळची धूप वेळेत भरली नाही तर भूकंपाच्या वेळी पूल आधीच कमकुवत असतो.

साइटवर

ड्रॉइंगवर लिहिलेलं साइटवर तसंच होईल याची खात्री डिझाइन करणाऱ्यानेच करायची. रिंगेची टोकं १३५ अंशात वळवून गाभ्यात रुतलेली हवीत. फिटरला ९० अंश सोपे पडतात, आणि दाट सळयांत १३५ चं टोक घुसत नाही अशी त्याची तक्रार खरी असते. त्याच्यावर ओरडू नका, सळयांची मांडणी सुधारा. एखादा खरा तुकडा आधी बांधून बघा. स्प्रिंगिंगजवळ, म्हणजे रिब जिथून निघते तिथे, लॅप (दोन सळया शेजारी ठेवून केलेला जोड) अजिबात नको, सळई पायात पूर्ण लांबीने उतरली पाहिजे.

कमान सगळ्यात नाजूक असते ती क्राउन जुळण्याआधी. दोन अर्धे तुकडे केबलवर किंवा टेकूवर तरंगत असतात आणि कामाला पावसाळा आडवा येतो. त्या काळासाठी भूकंप कमी तीव्रतेचा धरा, पण शून्य धरू नका. टेकू आणि त्यांचे तात्पुरते पाये त्या जोरासाठी तपासून कंत्राटदाराला लेखी द्या.

पूल पूर्ण झाल्यावर, वाहतूक सुरू होण्याआधी, दोन्ही पायांचे आणि क्राउनचे अचूक कोऑर्डिनेट (जागेचे आकडे) मोजून घ्या आणि अॅक्सेलरोमीटर लावून पुलाची आडवी व उभी नैसर्गिक वारंवारता नोंदवा. ही नोंद, बोअरलॉग आणि अॅज-बिल्ट ड्रॉइंग पुलाच्या मालकाकडे एकाच फाइलमध्ये द्या. धक्का बसल्यावर पाहणीला येणाऱ्या अभियंत्याने पहिल्या तासात काय बघायचं तेही त्यात लिहा: बैठकीवरची बेअरिंगची जागा, टायचे सांधे, पोर्टलचे कोपरे, स्प्रिंगिंगच्या चिरा, आणि मग दोन पायांमधलं अंतर पुन्हा मोजायचं.